दाखवायची रोकड आणि वापरायची रोकड

कर्जकराराचा मसुदा हातात पडला की बहुतेक जण आधी व्याजदर पाहतात, मग परतफेडीचे वेळापत्रक, मग तारण. रोख शिलकीच्या अटीकडे लक्ष जाते ते बहुधा सगळ्यात शेवटी, आणि तेव्हाही नजर फक्त आकड्यावर थांबते. कर्जदार म्हणतो किमान शिल्लक 20 कोटी पुरे, बँक म्हणते 30 हवेत, आणि 25 वर तडजोड करून दोन्ही बाजू समाधानाने उठतात. त्या 25 कोटींत काय धरायचे आणि काय वगळायचे, हे व्याख्यांच्या कलमात आधीच ठरून गेलेले असते, आणि ते कलम पुष्कळदा आधीच्या एखाद्या करारातून जसेच्या तसे उचललेले असते.

कर्जकरार वाचणे आणि त्यांतल्या अटी पाळल्या जात आहेत की नाही हे तिमाहीगणिक तपासणे हे माझे काम आहे. ते करताना माझे असे मत झाले आहे की आकड्यापेक्षा व्याख्या महत्त्वाची असते, आणि व्याख्येच्याही आधी एक प्रश्न विचारायला हवा, जो वाटाघाटीच्या टेबलावर क्वचितच निघतो. ही रोकड अडचणीच्या दिवशी खर्च करण्यासाठी ठेवायची आहे, की ती आहे एवढे दाखवण्यासाठी? कारण करारांत या दोन्ही प्रकारच्या अटी असतात, दोन्हींना बोलताना सरसकट ‘रोख राखीव’ म्हटले जाते, आणि त्या अगदी उलट दिशांनी काम करतात.

वापरायच्या रोकडीचे सर्वांत नेटके रूप प्रकल्पकर्जांत सापडते. वीजनिर्मिती, महामार्ग, बंदरे अशा कामांसाठी दिलेल्या दीर्घ मुदतीच्या कर्जात कर्जफेडीसाठी एक स्वतंत्र राखीव खाते असते, ज्याला या क्षेत्रात सगळेच डीएसआरए म्हणतात. त्यातली रक्कम सहसा पुढच्या सहा महिन्यांच्या मुद्दल आणि व्याजाइतकी ठरवलेली असते. काही करारांत तीन महिने, काहींत बारा. एखाद्या सहामाहीत वारा कमी वाहिला, एखादे यंत्र बंद पडले किंवा वीज विकत घेणाऱ्याने बिल थकवले, तर हप्ता या खात्यातून भरला जातो आणि कर्ज थकीत होत नाही. खात्यात हात घालणे हा करारभंग नसतो. त्यासाठीच तर ते असते.

वाचायला ही कल्पना सोपी वाटते, पण ‘पुढच्या सहा महिन्यांची देय रक्कम’ मोजायला बसले की प्रश्न एकामागून एक बाहेर येतात. समजा, पुढच्या सहामाहीत मुद्दल 20 कोटी आणि व्याज 8 कोटी द्यायचे आहे. वरवर पाहता खात्यात 28 कोटी हवेत. पण व्याजदर बदलता असेल तर ते 8 कोटी कुठल्या दराने काढले? आजच्या दराने, बाजाराला पुढे अपेक्षित असलेल्या दराने, की करारात ठरवलेल्या एखाद्या चढ्या दराने? दरातील चढउतारापासून संरक्षण म्हणून स्वॅप, म्हणजे बदलत्या दराची स्थिर दराशी अदलाबदल करणारा करार, केला असेल, तर त्याखालची देणी या रकमेत धरायची की नाही? बँकेची वार्षिक शुल्के? आणि सगळ्यात महाग पडू शकणारा प्रश्न शेवटच्या हप्त्याचा. अनेक कर्जांत शेवटी एक मोठा एकरकमी हप्ता ठेवलेला असतो, जो नवे कर्ज काढूनच फेडला जाईल हे दोन्ही बाजूंना पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. तो हप्ता 150 कोटींचा असेल आणि व्याख्येत ‘पुढील सहा महिन्यांत देय होणारी सर्व रक्कम’ एवढेच लिहिलेले असेल, तर मुदत संपण्याच्या सहा महिने आधी राखीव खात्यात दीडशे कोटींहून जास्त पैसे असायला हवेत, असा त्या वाक्याचा सरळ अर्थ होतो. तसे कोणाच्याही मनात नसते. ‘शेवटचा एकरकमी हप्ता वगळून’ हे चार शब्द घातले की प्रश्न मिटतो. ते राहून गेले की मुदत संपत आलेल्या कर्जावर विनाकारण पत्रव्यवहार सुरू होतो.

हे खाते कोणत्या दिवशी तपासायचे हेही तितकेच बघण्यासारखे असते. हप्ता भरण्याच्या आदल्या दिवशी तपासले तर ‘पुढचे सहा महिने’ उद्याच्या हप्त्यापासून सुरू होतात, आणि भरल्यानंतर तपासले तर त्यानंतरच्या हप्त्यापासून. हप्ते वाढत जाणारे असतील तर दोन्ही उत्तरांत फरक पडतो. चांगल्या मसुद्यात ‘हप्ता भरून झाल्यावर लगेच’ असे स्पष्ट लिहिलेले असते.

प्रकल्पकर्जात येणारा प्रत्येक पैसा ठरलेल्या क्रमाने खाली उतरतो, म्हणून त्या रचनेला वॉटरफॉल म्हणतात. आधी चालू खर्च आणि कर, मग कर्जाचे व्याज आणि मुद्दल, मग राखीव खात्यातली तूट भरून काढणे, मग मोठ्या दुरुस्त्यांचा निधी, त्यानंतर दुय्यम कर्जे, आणि सगळ्यात खाली प्रवर्तकांचा लाभांश. राखीव खाते लाभांशाच्या वर बसवलेले आहे, यात त्याची सगळी ताकद आहे. खात्यात तूट असेल तर सहसा लगेच करारभंग मानला जात नाही, पण तूट भरून निघेपर्यंत प्रवर्तकांच्या हाती दमडी पडत नाही. त्यामुळे खाते भरण्याची घाई ज्याला असायला हवी त्यालाच असते, आणि बँकेला धमकीचे पत्र लिहावे लागत नाही. मला कर्जकरारांतल्या ज्या थोड्या रचना मनापासून आवडतात त्यांतली ही एक.

अर्थात सहा महिन्यांचे पैसे नुसते पडून ठेवणे महाग असते. कर्जावर जे व्याज द्यावे लागते त्यापेक्षा ठेवीवर कमी मिळते, आणि तो फरक कर्ज संपेपर्यंत सोसावा लागतो. म्हणून प्रवर्तक रोकडीऐवजी एखाद्या बँकेचे लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे मागताच पैसे देण्याचे हमीपत्र, देतात. हे मान्य करताना जाणकार कर्जदाते तीन गोष्टी लिहून घेतात. ते पत्र देणाऱ्या बँकेचे पतमानांकन अमुक पातळीच्या वर असले पाहिजे. ते घसरले तर ठरलेल्या दिवसांत पत्र बदलून द्यावे, नाहीतर पत्र वटवून रोकड खात्यात आणता यावी. आणि पत्र वटवल्यावर ती बँक पैसे मागायला प्रकल्पाकडे न येता प्रवर्तकाकडे जावी. तिसरी गोष्ट राहिली तर राखीव निधी म्हणून आणलेली वस्तू हे प्रत्यक्षात प्रकल्पावरचे आणखी एक कर्ज ठरते.

यातला पहिला धोका काल्पनिक नाही. अमेरिकेतल्या नगरपालिका आणि सार्वजनिक संस्थांच्या रोख्यांमध्ये राखीव निधीऐवजी रोखेविमा कंपन्यांची हमीपत्रे ठेवण्याची पद्धत रुळली होती. 2008 मध्ये अॅम्बॅक, एमबीआयए, एफजीआयसी अशा विमा कंपन्यांची मानांकने घसरली, आणि ज्या करारांत मानांकनाची अट होती तिथे रोकड घालण्याची किंवा नवी हमी आणण्याची वेळ संस्थांवर आली, तीही बाजारात पैसा सर्वांत दुर्मीळ असताना. याच रोख्यांच्या जगात आणखी एक मजेशीर गोष्ट आहे. तिथे करमुक्त रोख्यांच्या रकमेतून किती राखीव ठेवता येईल यावर करकायद्याचीच वरची मर्यादा आहे: मूळ रकमेच्या 10 टक्के, सर्वांत जड वर्षाची संपूर्ण देय रक्कम, किंवा सरासरी वार्षिक देय रकमेच्या 125 टक्के, यांपैकी जे सर्वांत कमी असेल ते. स्वस्तात करमुक्त पैसा उभारून तो राखीव निधीच्या नावाखाली जास्त व्याजाने गुंतवता येऊ नये, हा त्यामागचा हेतू. ‘पुरेसे’ म्हणजे किमान किती याचा विचार आपण नेहमी करतो. इथे कमाल किती याचाही कोणीतरी विचार केलेला आहे.

आता दुसरी जात. साध्या कंपनीकर्जात, जिथे एकाच प्रकल्पाला बांधलेले पैसे नसतात, तिथे किमान रोकडतेची अट असते: कर्जदाराकडे कायम, किंवा प्रत्येक तिमाहीअखेर, अमुक इतकी रोकड असली पाहिजे. जहाजांसाठी दिलेल्या कर्जांत ती प्रत्येक जहाजामागे इतकी अशी लिहिलेली सापडते. 2020 मध्ये महासाथीने विमानकंपन्या आणि क्रूझ जहाजांच्या कंपन्यांचे उत्पन्न जवळजवळ शून्यावर आणले, तेव्हा कर्ज आणि नफा यांच्या गुणोत्तराच्या अटींना काही अर्थच उरला नाही. बऱ्याच करारांत त्या अटी काही काळ स्थगित करून त्यांच्या जागी किमान रोकडतेची अट आणली गेली. ते शहाणपणाचे होते, कारण ज्या कंपनीला नफाच नाही तिच्याबद्दल विचारण्यासारखा एकच प्रश्न उरतो: पैसे किती दिवस पुरतील?

पण या अटीचा स्वभाव राखीव खात्यापेक्षा वेगळा आहे, हे विसरून चालत नाही. किमान शिल्लक 25 कोटी असेल आणि कंपनीकडे 31 कोटी असतील, तर तिच्याकडे खर्च करण्याजोगे 6 कोटीच आहेत. उरलेल्या 25 कोटींना हात लावला की करारभंग होतो, आणि करारभंग झाला की बँक सगळे कर्ज एकदम मागू शकते. म्हणजे हप्ता भरायला पैसे कमी पडत असताना खात्यात 25 कोटी आहेत आणि ते हप्त्यासाठी वापरता येत नाहीत, अशी अवस्था येऊ शकते. हे म्हणजे भिंतीवर अग्निशामक नळकांडे टांगून त्याचे सील तोडणाऱ्याला दंड ठेवण्यासारखे आहे. कर्जदात्याच्या बाजूने याचे उत्तर असे असते की ही रोकड वापरण्यासाठी नसून धोक्याची घंटा लवकर वाजावी म्हणून आहे. कंपनीकडे 25 कोटी शिल्लक असतानाच बोलणी सुरू व्हावीत, तिजोरी रिकामी झाल्यावर नव्हे. उत्तर बरोबर आहे. फक्त मग तिला परतफेडीची तरतूद समजून संचालकांच्या बैठकीत मिरवू नये, आणि रोकडीचा अंदाज बांधताना ती शिल्लक शून्य धरावी.

व्याख्या इथे किती फरक करते ते एका काल्पनिक पण अगदी नेहमीच्या हिशेबावरून दाखवतो. एका उद्योगसमूहाच्या एकत्रित ताळेबंदात ‘रोकड व बँकशिल्लक’ या शीर्षकाखाली 60 कोटी दिसतात. त्यातले 12 कोटी परदेशातल्या उपकंपन्यांकडे आहेत, जिथून लाभांश आणायला स्थानिक परवानगी लागते. 9 कोटी बँक गॅरंटीसाठी मार्जिन म्हणून अडकलेल्या ठेवी आहेत. 7 कोटी ग्राहकांचे आगाऊ पैसे असून ते एस्क्रो खात्यात आहेत आणि काम पूर्ण झाल्याशिवाय हाती येणार नाहीत. 5 कोटी चौदा महिन्यांच्या मुदत ठेवीत आहेत. 6 कोटी म्हणजे जमा केलेले पण अजून न वटलेले धनादेश. हे सगळे वजा केल्यावर उरतात 21 कोटी. किमान शिल्लक 25 कोटी असेल तर ‘ताळेबंदात दिसणारी रोकड’ अशी व्याख्या असलेल्या करारात कंपनी ऐटीत पास होते, आणि ‘कर्जदाराच्या नावावर असलेली, कोणताही बोजा नसलेली, तात्काळ वापरता येणारी रोकड’ अशी व्याख्या असलेल्या करारात ती नापास होते. कंपनी तीच, दिवस तोच. वाटाघाटीत 20 आणि 30 वरून झालेला वाद या 39 कोटींच्या फरकापुढे किरकोळ होता.

‘बोजा नसलेली’ या शब्दांतही एक गाठ आहे. कर्ज देणाऱ्या बँकेचे स्वतःचेच कंपनीच्या सर्व खात्यांवर तारण असते. शब्दशः घेतले तर एकही पैसा बोजामुक्त नाही. म्हणून ‘या करारान्वये निर्माण झालेला बोजा वगळता’ अशी सूट लिहावी लागते, आणि बँकांना खात्यावर सर्वसाधारणपणे असणाऱ्या वजावटीच्या, म्हणजे शिलकीतून आपले येणे कापून घेण्याच्या, हक्काचीही.

रोकडीबरोबर ‘रोकडसमान गुंतवणूक’ मोजायची परवानगी जवळजवळ प्रत्येक करारात असते. आंतरराष्ट्रीय लेखामानक क्रमांक 7 नुसार अशी गुंतवणूक म्हणजे ठरावीक रकमेत सहज बदलता येणारी, मूल्य बदलण्याचा धोका नगण्य असलेली, आणि सहसा खरेदीपासून तीन महिन्यांच्या आत मुदत संपणारी. कर्जकरारांतल्या व्याख्या मात्र याहून सैल असतात आणि त्यांत एक वर्षापर्यंतचे कागदही शिरतात. 2008 साल हा या सैलपणाचा धडा होता. त्या वर्षी फेब्रुवारीत लिलावाने दर ठरणाऱ्या रोख्यांचे लिलावच फसू लागले. अनेक कंपन्या हे रोखे जवळपास रोकडच समजून बाळगत होत्या. कागदावर त्यांची मुदत कित्येक वर्षांची होती, पण दर काही आठवड्यांनी होणाऱ्या लिलावामुळे पैसे कधीही मोकळे करता येतील असे धरले जात होते. लिलाव थांबले आणि पैसे अडकले. त्याच वर्षी 16 सप्टेंबरला रिझर्व्ह प्रायमरी फंड या मनी मार्केट (अल्प मुदतीच्या कागदांत पैसे गुंतवणाऱ्या) फंडाच्या एका डॉलरच्या युनिटचे मूल्य 97 सेंटवर आले, कारण त्याच्याकडे नुकत्याच दिवाळखोरीत गेलेल्या लेहमन ब्रदर्सचे 78.5 कोटी डॉलरचे कागद होते. तीन टक्क्यांची घट ही खरी अडचण नव्हती. अडचण ही होती की पैसे काढणे थांबवले गेले, आणि उद्या हप्ता आहे अशा खातेदाराला 97 सेंटही मिळत नव्हते. रोकडसमान गुंतवणुकीची यादी वाचताना मी मूल्य किती पडेल यापेक्षा पैसे किती दिवसांत हाती येतील हे पाहतो, ते यासाठी.

रोकड मुळात आहे का, हा प्रश्न असभ्य वाटतो; पण तो विचारला न गेल्याची उदाहरणे मोठी आहेत. डिसेंबर 2003 मध्ये पार्मालात या इटालियन समूहाच्या केमन बेटांवरील उपकंपनीचे बँक ऑफ अमेरिकेतील सुमारे 3.95 अब्ज युरो अस्तित्वातच नाहीत, असे उघड झाले. जून 2020 मध्ये वायरकार्ड या जर्मन कंपनीच्या 1.9 अब्ज युरोंच्या बाबतीत तेच घडले आणि काही दिवसांत कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. कर्जकरारांत रोकडीचा पुरावा म्हणून वित्तप्रमुखाच्या सहीचे अनुपालन प्रमाणपत्र, म्हणजे अटी पाळल्याचा दाखला, सहसा पुरते. त्यासोबत बँकांची मूळ शिल्लकपत्रे मागण्याचा हक्क कर्जदात्याने लिहून घेतला तर प्रामाणिक कर्जदाराचा एक दिवस जातो, इतकेच.

रोकड कुठे ठेवली आहे याचेही कलम असते. कर्ज देणारी बँक अनेकदा आग्रह धरते की सर्व खाती तिच्याकडेच असावीत. कर्जदात्याच्या दृष्टीने हे सोयीचे आहे, कारण शिल्लक रोज दिसते आणि वेळ पडल्यास वळती करून घेता येते. सिलिकॉन व्हॅली बँकेच्या अनेक कर्जकरारांत अशी अट होती. ती बँक शुक्रवारी, 10 मार्च 2023 रोजी बंद झाली, तेव्हा अमेरिकेतला ठेवविमा प्रत्येक ठेवीदारामागे अडीच लाख डॉलरपर्यंतच होता, आणि करार काटेकोरपणे पाळून सगळी रोकड तिथे ठेवणाऱ्या कंपन्यांना पगार कशातून द्यायचा हे सुचेना. रविवारी सरकारने सर्व ठेवी सुरक्षित असल्याचे जाहीर केले आणि सोमवारी पैसे मोकळे झाले. पण परतफेडीच्या खात्रीसाठी लावलेली अट कर्जदारालाच एका टोपलीत सगळे ठेवायला भाग पाडू शकते, हे त्या शनिवार-रविवारी दिसले. तेव्हापासून अशा कलमात मी काही टक्के रोकड दुसरीकडे ठेवण्याची मुभा मागतो, आणि आता ती पूर्वीइतकी कुरकुर न होता मिळते.

उरला काळाचा प्रश्न, आणि तो सोपा नाही. अट फक्त तिमाहीच्या शेवटच्या दिवशी तपासायची असेल तर त्या एका दिवसापुरती रोकड जमवता येते. पुरवठादारांची देणी चार दिवस पुढे ढकलायची, ग्राहकांना सूट देऊन वसुली अलीकडे ओढायची, आणि पुढच्या आठवड्यात सगळे पूर्ववत करायचे. यात बेकायदेशीर काही असेलच असे नाही. ब्रिटनमधली कॅरिलियन ही बांधकाम कंपनी जानेवारी 2018 मध्ये कोसळली. 2016 च्या वर्षअखेरीस तिचे निव्वळ कर्ज सुमारे 219 दशलक्ष पौंड होते, तर त्याच वर्षातली सरासरी सुमारे 587 दशलक्ष पौंड होती. 31 डिसेंबरचा आकडा उरलेल्या वर्षाबद्दल फारच थोडे सांगत होता. यावर उपाय म्हणून ‘सदासर्वकाळ’ अशी अट घातली तर ती कर्जदाराला जाचक होते, कारण पगाराच्या दिवशी दुपारी दोन तासांसाठी शिल्लक खाली गेली तरी तांत्रिकदृष्ट्या करारभंग होतो. माझ्या मते महिन्यातील रोजच्या शिलकीची सरासरी हा दोघांनाही झेपणारा मार्ग आहे. त्याला विरोध होतो तो बहुधा फक्त हिशेबाच्या कटकटीमुळे, आणि संगणकावर चालणाऱ्या खातेवह्यांच्या काळात ती सबब फारशी टिकत नाही.

कर्जदाराच्या बाजूने नेहमी मागितली जाणारी एक सवलत म्हणजे मंजूर पण न उचललेल्या कर्जमर्यादेलाही रोकडतेत धरणे. 15 कोटी खात्यात आहेत आणि 20 कोटींची मर्यादा मोकळी आहे, म्हणून रोकडता 35 कोटी. चांगल्या दिवसांत हे योग्यच आहे. मात्र ती मर्यादा उचलण्याची पहिली अट ‘कोणताही करारभंग झालेला नसावा’ ही असते, आणि पुष्कळदा ‘व्यवसायात गंभीर प्रतिकूल बदल झालेला नसावा’ हीसुद्धा. ज्या दिवशी खरोखर गरज पडते त्याच दिवशी ते 20 कोटी हिशेबातून नाहीसे होण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. म्हणून ही मर्यादा मोजायचीच असेल तर ‘त्या तारखेला सर्व पूर्वअटी पूर्ण करून प्रत्यक्ष उचलता येण्याजोगी’ एवढी पुष्टी जोडावी. कर्ज-परतफेड क्षमतेच्या गुणोत्तरातही, म्हणजे रोखप्रवाह देय हप्त्यांच्या किती पट आहे हे सांगणाऱ्या डीएससीआरमध्ये, अशीच एक चोरवाट आहे: काही करार वर्षाच्या सुरुवातीची शिल्लक त्या वर्षाच्या रोखप्रवाहात मिसळू देतात. मग मागची पुंजी खाऊन हप्ते भरणारी कंपनी 1.3 चे गुणोत्तर दाखवत राहते, आणि पुंजी संपल्याच्या वर्षी ते एकदम कोसळते.

रुग्णालयांच्या रोख्यांमध्ये हीच अट दिवसांत लिहितात, आणि मला ती पद्धत इतरत्रही हवीशी वाटते. निर्बंधमुक्त रोकडीला रोजच्या खर्चाने भागायचे, घसारा वगळून, आणि येणारी संख्या म्हणजे नवे उत्पन्न न येताही रुग्णालय किती दिवस चालेल. व्यवसाय वाढला की आवश्यक रक्कम आपोआप वाढते. ठोक रकमेची अट पाच वर्षांत हास्यास्पद होते तशी ही होत नाही. पण तिलाही पैसे कोणाचे हा प्रश्न चुकत नाही. 2020 च्या वसंतात अमेरिकेतल्या रुग्णालयांना मेडिकेअर या सरकारी आरोग्यविमा योजनेने पुढच्या बिलांपोटी मोठ्या आगाऊ रकमा दिल्या. त्या पुढे वळत्या करून घेतल्या जाणार होत्या, तरी तोवर खात्यात होत्या, आणि संकटाच्या ऐन मध्यावर रोकडीचे दिवस वाढलेले दिसू लागले. मानांकन संस्थांनी त्या रकमा वजा करून हिशेब पाहिला. ज्या करारांच्या व्याख्येत तशी वजावट नव्हती तिथे फुगलेला आकडाच अधिकृत राहिला.

अट मोडल्यावर काय होते, यात अलीकडे एक भर पडली आहे. आंतरराष्ट्रीय लेखामानक क्रमांक 1 नुसार ताळेबंदाच्या तारखेपर्यंत पाळायची अट मोडली असेल आणि त्या तारखेआधी बँकेकडून पुरेशी मुदत मिळाली नसेल, तर ते सगळे दीर्घ मुदतीचे कर्ज अल्प मुदतीच्या देण्यांत दाखवावे लागते, आणि इतर कर्जांतली परस्परकरारभंगाची कलमे, म्हणजे एका कर्जातला भंग दुसऱ्यातही भंग मानणारी कलमे, जागी होऊ शकतात. 1 जानेवारी 2024 पासून लागू झालेल्या सुधारणेने असेही सांगितले की पुढच्या बारा महिन्यांत पाळायच्या अटींमुळे वर्गीकरण बदलत नाही, पण त्या मोडल्या जाण्याचा धोका वाचकाला कळेल इतकी माहिती टिपणांत द्यावी लागते. त्यामुळे किमान रोकडतेची व्याख्या आता बँक आणि कंपनी यांच्यातली खासगी बाब राहिलेली नाही. गुंतवणूकदारही ती विचारू लागले आहेत.

मसुद्यावर माझा हात चालतो तेव्हा मी एका रेषेऐवजी तीन पायऱ्या सुचवतो. रोकड 30 कोटींखाली गेली की कंपनीने पाच दिवसांत कळवायचे आणि तेरा आठवड्यांचा रोखप्रवाहाचा अंदाज द्यायचा. 20 कोटींखाली गेली की लाभांश आणि नवी भांडवली कामे थांबतात, पण उरलेली रोकड हप्त्यांसाठी वापरण्याची मुभा स्पष्ट शब्दांत लिहिलेली असते. करारभंग फक्त 10 कोटींखाली, आणि तोही ठरलेल्या दिवसांत प्रवर्तकांनी भांडवल घालून तूट भरली नाही तरच. बँकेचे वकील यावर सहसा पहिल्या पायरीबद्दल आनंदी असतात आणि दुसरीतले मुभेचे वाक्य खोडून पाठवतात. ते वाक्य मी परत घालतो.